खुलासा: फ्यूज सारखा उडतो, मग मोठा टाकायचा का?

"गाडीचा फ्यूज सारखा उडत असेल तर जास्त अँपिअरचा टाका, कटकट मिटेल" हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. कटकट मिटते खरी, म्हणूनच तो पटतो. पण फ्यूज मुळात वायर जळू नये म्हणून असतो.

हिशेब बघा. 55 वॅटचे दोन हेडलाइट बल्ब 12 व्होल्टवर साधारण 9 अँपिअर घेतात. 100 वॅटचे बसवले की तेच 16-17 होतात. 15 चा फ्यूज आज ना उद्या उडतोच. तिथे 30 चा टाकला तर फ्यूज टिकतो, वायर मात्र तीच, बारीक. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. आधी इन्सुलेशन मऊ पडतं, मग जळका वास येतो, तोही डॅशबोर्डच्या मागून, जिथे हात पोचत नाही.

खात्री घरीच करता येते. कुठे किती अँपिअर, हे बहुतेक गाड्यांत फ्यूजबॉक्सच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पात्याच्या फ्यूजचा रंगही सांगतो: 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 30 हिरवा. निळ्याच्या जागी हिरवा दिसला तर आजच बदला. योग्य फ्यूजही उडत राहिला, तर वायर कुठे पत्र्याला घासून सोलली आहे का ते शोधा; दरवाजाच्या बिजागरीजवळची रबरी नळी आधी बघा.