गुंठ्याएवढा ठिपका

‘सेंटिनेल-२’ या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमेतील एक ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतो, म्हणजे सात-बाऱ्यावर ज्याला एक आर म्हणतात तेवढा, किंवा गावाकडच्या भाषेत जवळपास एक गुंठा. सोलापूर जिल्ह्यातील कोणत्याही शेताची अशी गुंठ्यागुंठ्याची नोंद, आकाश निरभ्र असेल तर, साधारण दर पाच दिवसांनी विनामूल्य मिळू शकते. प्रतिमा मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते ती वाचणे, आणि सुदूर संवेदन (उपग्रहातून किंवा विमानातून, दुरून जमिनीची पाहणी) व भू-अवकाशीय विज्ञान हा विषय पदवीपासून पदव्युत्तर पातळीपर्यंत सलग पाच वर्षे का शिकवावा, याचे उत्तर मला याच अडचणीत दिसते.

हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते, पण डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत पाठवते. या दोन नोंदींच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागले की वनस्पती निर्देशांक मिळतो. तो उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान राहतो. दाट पिकासाठी तो वर जातो, उघड्या काळ्या रानात शून्याच्या थोडा वर असतो आणि पाण्यावर बहुधा शून्याखाली उतरतो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचा निर्देशांक हिवाळ्यात चढतो आणि कणीस पक्व होऊ लागले की उतरतो. एप्रिलच्या प्रतिमेत जे हिरवे उरते ते मुख्यतः ऊस, केळी आणि फळबागा. इतके गणित पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमते.

आता सांगोल्याच्या डाळिंबाकडे पाहू. बहार धरण्यापूर्वी बागाईतदार पाणी तोडून झाडांना ताण देतो आणि मुद्दाम पानगळ करवून घेतो. उपग्रहाला त्या काळात बागेचा निर्देशांक झपाट्याने घसरलेला दिसतो. ज्याला ‘ताण देणे’ म्हणजे काय हे ठाऊक नाही, तो त्या बागेवर दुष्काळाचा किंवा रोगाचा शिक्का मारील, आणि संगणकाला तसेच शिकवले तर संगणकही शेकडो बागांवर तोच शिक्का मारील. भारतातील सुदूर संवेदनाची सुरुवात १९७० च्या सुमारास शास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळमधील नारळाच्या रोगाच्या अभ्यासाने, हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेऊन झाली, हे येथे आठवते. झाडाचे दुखणे आणि चित्रातील रंग यांची गाठ घालणे हाच या शास्त्राचा पहिल्यापासूनचा प्रश्न आहे.

नेहमीच्या वाटेने येणारा विद्यार्थी भूगोल, भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्र यांपैकी एकाची पदवी घेतो, आणि पुढील दोन वर्षांतील बराच काळ उरलेल्या विषयांची उणीव भरून काढण्यात जातो. संयुक्त अभ्यासक्रमात प्रकाशाचे भौतिकशास्त्र, सांख्यिकी, भूरूपशास्त्र, नकाशा प्रक्षेपण आणि प्रोग्रामिंग सुरुवातीपासून शेजारी शेजारी चालू शकतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे. ती असावीच, तरी सोलापूरसारख्या जिल्ह्यात पाच वर्षे थांबण्याचा एक लाभ मला फार मोठा वाटतो. येथे एका वर्षी उजनी धरण काठोकाठ भरते आणि दुसऱ्या वर्षी उपयुक्त साठा संपून पाणी ‘मायनस’मध्ये जाते. एकाच पावसाळ्यावर बेतलेला पिकांचा नकाशा पुढच्या वर्षी टिकेलच असे नाही. दुसऱ्या वर्षापासून तीच चार-पाच गावे दर रब्बीत पाहणाऱ्याच्या प्रबंधामागे निरनिराळ्या हंगामांच्या स्वतः केलेल्या नोंदी असतात.

शेवटच्या वर्षांत रडार, म्हणजे स्वतः लहरी सोडून परत येणाऱ्या लहरी नोंदवणारे साधन, शिकावे लागते, कारण खरिपात ढगांमुळे प्रकाशीय प्रतिमा वारंवार निरुपयोगी ठरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा ढगांतून खाली पाहू शकणारे साधन हेच होते. उघड्या, संथ पाण्यावर पडलेल्या रडारलहरी आरशावरून परावर्तित व्हाव्यात तशा दुसरीकडे निघून जातात आणि पाणी काळे दिसते. मात्र पाण्यात पीक उभे असेल तर पाणी आणि ताटे यांच्यामध्ये दोनदा आपटून लहरी उपग्रहाकडे परतू शकतात, आणि बुडालेले शेत उलट उजळ दिसते. ३० जुलै २०२५ रोजी सोडलेल्या भारत-अमेरिकेच्या ‘निसार’ या रडार उपग्रहाची सुमारे २४ सेंटिमीटरची लांब लहर पानांमधून अधिक खोल शिरते, त्यामुळे नदीकाठच्या उसासाठी ती विशेष उपयोगी पडावी.

राहतो बांधाचा प्रश्न. चौरस एकराची एक बाजू सुमारे ६४ मीटर, म्हणजे एकरात ठिपके चाळीसच्या आसपास, आणि त्यांतील निम्म्याच्या जवळपास कडेचे. कडेच्या ठिपक्यात अर्धा ऊस, अर्धी शेजाऱ्याची ज्वारी आणि मध्ये बांधावरची बाभूळही येते. नकाशाची अचूकता तपासताना विद्यार्थी स्थाननिश्चितीचे यंत्र घेऊन ज्या ठिपक्यांवर प्रत्यक्ष जातो, त्यांत असे ठिपके टाळणे सोपे असते, आणि ते टाळले की अचूकतेचा आकडा आपोआप फुगतो. म्हणून तपासणीची ठिकाणे यादृच्छिक पद्धतीने आधीच ठरवून घेतात, आणि त्यांतले एखादे बांधावर आले तर तेथेही जाऊन नोंद करावी लागते.