स्त्रीपार्टीचा फोटो कोणत्या नोंदीत?

क्विअर, म्हणजे समलिंगी, पारलिंगी वगैरे माणसांचा जुना लेखी पुरावा आपल्याकडे बराचसा सरकारी दप्तरात सापडतो. १८६० च्या दंडसंहितेतील, ‘अनैसर्गिक’ शरीरसंबंध गुन्हा ठरवणारे कलम ३७७ आणि हिजड्यांची नोंदवही ठेवायला लावणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा यांमुळे ही माणसे कागदावर आली, ती संशयित म्हणून. त्यामुळे हा इतिहास जमवणाऱ्या आजच्या संग्राहकांचा भर आठवणींवर असतो, आणि आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये २८ जून १९६९ च्या पहाटे स्टोनवॉल या क्विअर लोकांच्या बारवर पोलिसांनी धाड घातल्यावर जे घडले, त्याला दंगल म्हणावे की उठाव, यावर तिथे हजर असलेल्यांचेही एकमत नाही. पोलिसांवर पहिली वीट मारल्याचे श्रेय लोक ज्या व्यक्तीला देतात, त्या मार्शा पी. जॉन्सनने पुढे मुलाखतीत आपण पोहोचलो तेव्हा सारे सुरू झाले होते, असे सांगितले. दंतकथा आणि मुलाखत दोन्ही जपणे, आणि कोण कधी काय म्हणाले ते लिहिणे, हीच इथली योग्य रीत.

कोकणात खरा पेच दशावताराचा आहे. जत्रेत रात्रभर चालणाऱ्या या खेळात स्त्रीपार्टी, म्हणजे स्त्रीभूमिका, परंपरेने पुरुषच करत आले. लुगडे, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, असा एखादा जुना फोटो हाती आला की तो क्विअर इतिहासात लावावा का? लावला, तर रंगभूमीवर संसार चालवणाऱ्या माणसावर त्याला न विचारता शिक्का बसतो. वगळला, तर त्या वेशात ज्याला स्वतःची ओळख सापडली असेल, तो कायमचा गडप होतो. माझ्या मते फोटो भूमिकेचा पुरावा आहे, मनाचा नव्हे. त्याची नोंद दशावताराखालीच व्हावी, आणि कलावंताने स्वतः काही सांगितले असेल तरच, त्याच्याच शब्दांत, तारखेसह दुसरीकडे जोडावी. ‘तृतीयपंथी’, ‘पारलिंगी’, ‘समलिंगी’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले की ही काळजी वाया जाते.

तारीख महत्त्वाची, कारण कायदा पायाखालून सरकत राहिला. प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ मधून दिल्ली उच्च न्यायालयाच्या २ जुलै २००९ च्या निकालाने मिळालेली मोकळीक सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ११ डिसेंबर २०१३ रोजी गेली आणि त्याच न्यायालयाच्या निकालाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी परत आली. २००९ ते २०१३ या मोकळिकीच्या सुमारे साडेचार वर्षांत नावानिशी दिलेली मुलाखत नंतर सांगणाऱ्याच्या अंगाशी येऊ शकत होती. म्हणून संमतिपत्रात नाव उघड करायचे का आणि ध्वनिफीत कोणत्या वर्षी खुली करायची, हे दोन प्रश्न वेगळे विचारावे लागतात. कोकणात तिसराही विचारावा लागतो: वाडीचे नाव लिहायचे का? दहा-बारा घरांच्या वाडीत तेवढ्यानेही माणूस ओळखू येतो, तेव्हा नोंदीत तालुक्यापुढे काही लिहू नये.