भार उचलण्यातील कार्य व शक्ती

जड वस्तू गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर नेताना खर्ची पडणारी ऊर्जा म्हणजे कार्य आणि ती किती वेगाने खर्ची पडते ती शक्ती. वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंचीतील वाढ यांचा गुणाकार केला की कार्य ज्यूलमध्ये मिळते. त्याला सेकंदांनी भागले की शक्ती वॅटमध्ये येते. गुरुत्वीय त्वरण ९.८ मी./से.² धरतात. नागपूरच्या अक्षांशावर (सुमारे २१ अंश) ते ९.७९ च्या आसपास भरते, त्यामुळे व्यवहारात फरक पडत नाही. मेट्रिक अश्वशक्तीची व्याख्या तर उचलण्यावरच बेतलेली आहे: ७५ किग्रॅ. भार एका सेकंदात १ मीटर वर, म्हणजे ७३५.५ वॅट. ब्रिटिश अश्वशक्ती ७४६ वॅटची.

सूत्र शाळेतले आहे. हिशेब चुकतो तो वस्तुमान कोणाकोणाचे, उंची कुठवरची आणि वेळ कोणता धरायचा, हे ठरवताना.

नागपूरच्या कळमना बाजारात तुरीचा ५० किलोचा कट्टा जमिनीवरून ट्रकच्या १.२ मीटर उंच फळक्यावर चढवायचा आहे, असे धरू. सूत्राने कार्य ५० × ९.८ × १.२ = ५८८ ज्यूल. प्रत्यक्षात दोघे जण कट्टा उचलून तिसऱ्याच्या पाठीवर देतात, तोच मुळी १.४ मीटरवर. इथे ६८६ ज्यूल लागले. तो हमाल मग लाकडी फळीवरून ट्रकमध्ये चढतो. कट्टा आणखी १.२ मीटर वर जातो (५८८ ज्यूल), आणि सोबत हमालाचे ६५ किलोचे शरीरही जाते (७६४ ज्यूल). एकूण २,०३८ ज्यूल. कट्टा तळाशी टाकला की पाठीपर्यंतचे ६८६ ज्यूल धप्पकन वाया जातात, आणि रिकामा हमाल खाली उतरतो तेव्हा शरीर चढवायला लागलेलेही परत मिळत नाहीत. मालात उरले ५८८, म्हणजे एकूण कार्याच्या २९ टक्के. ट्रकमधली थप्पी पाठीच्या उंचीला आली की हा तोटा कमी होतो. त्याच्याही वर माल लावायचा झाला तर पुन्हा दोघांना हात द्यावा लागतो. म्हणून माल पाठीच्या उंचीच्या ओट्यावर रचलेला असला तर दर कट्ट्यामागे ६८६ ज्यूल वाचतात, आणि कंबर तर वाचतेच.

असे २०० कट्टे भरले तर मालावर उरलेले कार्य १,१७,६०० ज्यूल, म्हणजे विजेच्या मीटरवर जेमतेम ०.०३३ युनिट. टोळीने केलेले कार्य मात्र ४ लाख ज्यूलच्या वर. स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के असल्याने अन्नातून सुमारे ३९० ते ४९० किलोकॅलरी लागतात. भार घेऊन सपाट जमिनीवर चालणे यात धरलेलेच नाही. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याचे कार्य शून्य येते, पण स्नायू ताणून धरायला ऊर्जा लागतेच. म्हणून हमालीचा दर केवळ ज्यूलवर ठरवणे अन्यायाचे ठरेल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवलेली आहे. त्या मानाने जुने क्विंटलचे पोते जवळपास दुप्पट होते.

दिवसभर टिकणारी माणसाची शक्ती साधारण ७५ वॅट. चेन कप्पीने १ टन भार १ मीटर उचलायला ९,८०० ज्यूल लागतात. कप्पीची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर हाताने सुमारे १५,१०० ज्यूल द्यावे लागतात. साखळी ३०० न्यूटन बलाने ओढली तर ती ५० मीटर ओढावी लागेल, आणि ७५ वॅटने त्याला तीन मिनिटांवर वेळ लागेल. कप्पी बल वाचवते, कार्य वाचवत नाही. उलट घर्षणापायी थोडे वाढवतेच.

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये २ टनांचा होइस्ट (भार उचलणारे विजेचे यंत्र) बसवताना हिशेब असा: भार २,००० किग्रॅ., हुक व स्लिंग, म्हणजे भार हुकाला अडकवायचे दोर, ४० किग्रॅ. (हे बहुतेक वेळा विसरले जाते), वेग मिनिटाला ६ मीटर, म्हणजे ०.१ मी./से. भारावरची शक्ती २,०४० × ९.८ × ०.१ = सुमारे २,००० वॅट. गिअरबॉक्स व दोराची मिळून कार्यक्षमता ०.७ धरली तर मोटरकडून २.८६ किलोवॅट लागतात. २.२ ची मोटर कमी पडते. आपल्याकडे प्रचलित असलेले पुढचे माप ३.७ किलोवॅट, म्हणजे ५ एचपी, तेच घ्यावे. वेग दुप्पट केला तर कार्य तेवढेच राहते, मोटर मात्र दुप्पट लागते.

नागपुरात दोन गोष्टी जास्तीच्या पाहाव्या लागतात. सामान्य मोटरची क्षमता सभोवतालचे तापमान ४० अंश सेल्सिअस धरून ठरवतात. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडखाली हवा त्याहून तापते. नेमप्लेटवर ५० अंश लिहिलेले नसेल तर मोटरवर पूर्ण भार टाकू नये. दुसरी गोष्ट व्होल्टेजची. होइस्टला असते तशा इंडक्शन मोटरचे पीळबल (टॉर्क) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे व्होल्टेज १० टक्के घसरले की ते ८१ टक्क्यांवर येते. भार अर्ध्यावर लटकतो, मोटर गुणगुणते आणि वाइंडिंग (आतले तारांचे वेटोळे) जळते.

कार्याचा हिशेब बरोबर असूनही अपघात होतो तो बहुधा स्लिंगच्या कोनामुळे. दोन पायांच्या, म्हणजे हुकापासून दोन दोर फुटणाऱ्या, स्लिंगने २ टन उचलताना पाय आडव्या रेषेशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर १,१५५ किलोचा ताण येतो, ४५ अंशांत १,४१४ आणि ३० अंशांत पुरा २,००० किलोचा. भार तोच, उंची तीच, कार्यही तेच, पण दोर तुटतो. झटक्याचेही तसेच. सैल नसलेल्या दोरावरही भार एकदम सोडला तर क्षणभर दुप्पट ताण येतो. दोर ढिला असताना मोटर चालू केली तर त्याहूनही जास्त. म्हणून आधी ढिलाई काढायची, भार वीतभर उचलून थांबायचे, ब्रेक धरतो का ते पाहायचे, मगच वर न्यायचे.

उतरवतानाही हिशेब संपत नाही. ४ मीटरवरून खाली येणारा हाच भार सुमारे ८०,००० ज्यूल परत देतो, आणि यांत्रिक ब्रेकवर चालणाऱ्या होइस्टमध्ये त्यातला बहुतांश ब्रेकच्या अस्तराची उष्णता होतो. तासाला ३० वेळा उतरवले तर ती उष्णता २४ लाख ज्यूल, म्हणजे सतत जळणाऱ्या सुमारे ६७० वॅटच्या हीटरएवढी. तापलेले अस्तर पकड सोडते आणि भार थांबायच्या जागेच्या खाली घसरतो.