पायाळू बाळ, उसण आणि कायरोप्रॅक्टिक: ही गाठ बांधली कुणी?

आमची धाकटी डोहाळजेवण उरकून आठव्या महिन्यात पुण्यासनं कोल्हापूरला आली, पहिलं बाळंतपण माहेरीच हे आमच्याकडं ठरलेलं. मंगळवार पेठेतल्या घरात आजोबांच्या वेळचा लाकडी पलंग आहे. रात्री कूस बदलायची झाली की ती आधी पलंगाची कड धरते, गुडघे जुळवते, एक मोठा श्वास घेते आणि मग हळूहळू वळते, तरी तोंडातनं "आई गं" निघतंच. कंबर, माकडहाड आणि जांघेत अशी कळ की जिना चढताना पाय उचलवत नाही. त्यात तिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळ पायाळू दिसलं म्हणजे डोकं वर आणि खाली पाय. एका रात्री तीन वाजता आम्ही दोघी जाग्या, तिनं मोबाईल पुढं केला, व्हिडिओत एक परदेशी बाई पालथी झोपलीय, टेबलाला पोटासाठी खोलगट जागा, मागनं एक कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातानं मणके बसवणारा, माकडहाडाच्या वरच्या हाडावर हात ठेवून टक्कन दाब देतोय आणि सांगतोय की यानं कंबरही मोकळी होते आणि उलटं बाळ पण फिरतं. "ताई, करू का गं हे?"

सकाळी आज्जीला दाखवलं. आज्जी शांतपणे म्हणाली, "आमच्यातबी हाय की हे. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावत्यात कमरंला."

मी जागच्या जागी थांबले. लहानपणापासनं ऐकलेली गोष्ट आहे ही, जो पायानं जन्मला त्यानं कमरेला पाय लावला की उसण जाते, पायाळू माणसानं विजांच्या कडकडाटात बाहेर जायचं नाही, पायाळूला जमिनीखालचं पाणी कळतं. पण उलटं बाळ आणि दुखरी कंबर या दोन गोष्टी आपल्या लोकांनी पण एकाच गाठीत बांधल्यात हे कधी डोक्यात आलं नव्हतं. व्हिडिओतला माणूस सात समुद्रापलीकडं तीच गाठ घेऊन बसलाय. मग ही कुठनं आली आणि त्यातलं खरं किती, हे शोधल्याशिवाय धाकटीला हो म्हणायचं नाही असं मी ठरवलं. जे हाती लागलं ते इथं मांडतेय, कारण पोटुशी बाई रात्री तीन वाजता जे बघते त्यामागं काय आहे हे तिला कळायलाच पाहिजे.

आधी आपल्याकडचं. चरकसंहितेत गरोदरपणाच्या प्रत्येक महिन्याला काय करायचं ते दिलंय, नवव्या महिन्यात औषधी तेलाची अनुवासन बस्ती, म्हणजे गुदद्वारातनं तेल आत सोडायचा उपचार, सांगितलीय आणि त्यानं कूस, कंबर, बरगड्यांची बाजू आणि पाठ मऊ होते असं कारण पण दिलंय. म्हणजे शेवटच्या महिन्यात कंबर आखडते हे तेव्हाच्या वैद्यांना पक्कं माहिती होतं. अडलेल्या आणि आडव्या बाळाचा विषय सुश्रुतानं मूढगर्भ म्हणून वेगळा घेतलाय. कंबरेचा उपाय एकीकडं, बाळ अडण्याचा विचार दुसरीकडं, दोन्हींची सरमिसळ नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

आणि हातानं हाड बसवणं म्हणाल तर कोल्हापूरकराला ते काय सांगायचं. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ला खासबाग मैदान झालं, गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमी नावारूपाला आल्या, आणि जिथं तालीम तिथं लचक, मुरगळ, निखळलेला खांदा हे रोजचंच. माझे आजोबा खांदा धरला की तालमीतल्या वस्तादांकडं जायचे, वस्ताद तेल लावून आधी बोटांनी चाचपायचे, बोलत बोलत हात कधी ओढला ते कळायचं पण नाही, आजोबा हात गरागरा फिरवत घरी यायचे. हा हात पिढ्यान् पिढ्या घासून तयार झालेला होता. पण तो पैलवानाच्या कमावलेल्या अंगासाठी होता, पोटुशी बाई तालमीत गेली असं आमच्या घरात तरी कुणी ऐकलेलं नाही. बाईसाठी सुईण, आणि मालिश म्हणजे बाळंत झाल्यावर, शेक-शेगडीबरोबर. दिवस गेलेले असताना पोट चोळू नये असं आज्जी आजही बजावते.

असे हाड बसवणारे युरोप-अमेरिकेत पण होतेच, घराण्यात चालत आलेला धंदा. अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या माणसानं १८७४ला ऑस्टिओपॅथी, म्हणजे हाडं-सांध्यांवर हातानं उपचार करायची पद्धत, मांडली आणि १८९२ला मिझुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात तिची शाळा काढली. त्यानंतर आला डी. डी. पामर. कॅनडात १८४५ला जन्मलेला, आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टमध्ये चुंबकीय उपचार करणारा, म्हणजे हातातनं शक्ती सोडून बरं करतो म्हणणारा. त्याच्या ऑफिसच्या इमारतीत हार्वी लिलार्ड नावाचा कृष्णवर्णीय सफाई कामगार होता, १७ वर्षं त्याला नीट ऐकू येत नव्हतं. वाकून काम करताना पाठीत काहीतरी सरकलं आणि तेव्हापासनं बहिरेपण आलं असं तो म्हणाला, पामरनं पाठीतला वर आलेला मणका दाबला आणि ऐकू यायला लागलं अशी ती गोष्ट. तारीख सांगतात १८ सप्टेंबर १८९५. आता कानाची नस कानातनं थेट मेंदूत जाते, पाठीच्या मणक्याशी तिचा संबंध नाही, तरी या एका गोष्टीवर पामरनं सगळी इमारत उभी केली: मणका जागचा हलला की नस दबते, नस दबली की रोग होतो, मणका बसवा रोग जाईल. बहुतेक सगळेच रोग. ग्रीक भाषेतल्या हात आणि कृती या शब्दांवरनं कायरोप्रॅक्टिक असं नाव एका पाद्री मित्रानं सुचवलं. १८९७ला शाळा निघाली.

इथं जरा थांबते, कारण मुळातली गडबड इथंच आहे. वस्तादांचा दावा खांद्यापुरता असायचा, खांदा धरला की खांदा मोकळा करून द्यायचा. पामरनं तोच हात घेतला पण त्याला सगळ्या शरीराची किल्ली म्हणून विकलं. पुढं जे जे झालं ते यातनंच.

परवान्याशिवाय डॉक्टरकी केली म्हणून १९०६ला पामर तुरुंगात गेला, १९१३ला वारला, आणि त्याच वर्षी कॅन्सस राज्यानं कायरोप्रॅक्टरना परवाना देणारा पहिला कायदा केला. सगळ्यात शेवटी लुइझियाना, १९७४. मधल्या काळात अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेनं या लोकांना भोंदू ठरवायला १९६३ला खास समिती नेमली, डॉक्टरांनी त्यांच्याशी संबंध ठेवायचा नाही असा पवित्रा घेतला. चेस्टर विल्क आणि इतर काही कायरोप्रॅक्टरनी १९७६ला कोर्टात खेचलं आणि १९८७ला निकाल असोसिएशनच्या विरोधात गेला. पण नीट समजून घ्या, कोर्टानं ठरवलं ते एवढंच की असा बहिष्कार टाकून धंदा बंद पाडणं बेकायदेशीर आहे. मणका बसवल्यानं सगळे रोग जातात असं कोर्टानं कुठंच म्हटलं नाही. नंतर यातले बरेच कायरोप्रॅक्टर पामरचं सगळं सोडून फक्त पाठ, मान, सांधे यावर आले, काहीजण मात्र जुन्याच गादीवर बसून राहिले.

गरोदर बायकांचा विषय मोठा झाला तो लॅरी वेबस्टर या कायरोप्रॅक्टरमुळं. त्यानं १९८६ला लहान मुलांच्या कायरोप्रॅक्टिकची आंतरराष्ट्रीय संघटना काढली आणि त्याच्या नावानं वेबस्टर टेक्निक चालू झालं. विचार असा: माकडहाडाच्या वरचं हाड वाकडं झालं की गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध ताणले जातात, पिशवीला पीळ बसतो, बाळाला फिरायला जागा उरत नाही, ते हाड सरळ करा, बंध सैल करा, बाळ आपोआप फिरेल. ऐकायला एकदम पटतं, मलाही पटलं होतं. २००२ला याच संघटनेच्या सदस्यांच्या पाहणीवर एक लेख आला आणि त्यातला ८२ टक्के यशाचा आकडा अजून सगळीकडं फिरतोय. पण ती पाहणी म्हणजे हजाराच्या वर कायरोप्रॅक्टरना फॉर्म पाठवले, दोनशेच्या आत परत आले, आणि माहिती देणारे स्वतः उपचार करणारेच. ज्यांच्याकडं बाळ फिरलं नाही त्यांनी फॉर्म भरला का, उपचार न घेतलेल्या बायकांशी तुलना कुठाय, काहीच नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी मला आमच्या गायनॅकच्या मॅडमनी कागदावर गोल काढून समजावली. २८ आठवड्यांना चार-पाचातलं एक बाळ पायाळू असतं. दिवस भरतात तेव्हा शंभरात तीन-चारच राहतात. बाकीची स्वतःहून फिरतात, कारण डोकं जड असतं, बाळ पाय झाडत असतं, अजून जागा असते. मग तिसाव्या आठवड्याला कुणी ते हाड दाबलं, कुणी अंगारा लावला, कुणी पालथं झोपून गाणी ऐकवली, बहुतेकींचं बाळ फिरणारच आणि श्रेय त्या त्या उपायाला जाणार. कुणी मुद्दाम फसवतंय असंही नाही, करणाऱ्याला पण मनापासनं वाटतं की माझ्या हातानं झालं.

खरोखर हातानं बाळ फिरवायची पद्धत आहे, आणि ती डॉक्टरांची आहे. ३६-३७ आठवड्यांच्या आसपास, हॉस्पिटलमध्ये, सोनोग्राफी आणि बाळाचे ठोके बघत, गरज असेल तर पिशवी सैल करायचं इंजेक्शन देऊन पोटावरनं बाळाला हळूहळू गोल ढकलायचं. साधारण निम्म्या वेळा जमतं. काही बिघडलं तर लगेच सिझर करता येईल अशा ठिकाणीच करतात. सन २०००ला बऱ्याच देशांत मिळून झालेला मोठा अभ्यास आला की पायाळू बाळाला ठरवून केलेलं सिझर जास्त सुरक्षित, तेव्हापासनं जगात बहुतेक ठिकाणी पायाळू म्हणजे सिझर हेच समीकरण झालं. मला वाटतं या व्हिडिओंना एवढी गर्दी का होते त्याचं उत्तर इथं आहे. बाईला सिझर नको असतं, समोर दुसरा रस्ता कुणी नीट दाखवत नाही, आणि मग जो कोणी आशा दाखवेल तिकडं ती जाते. तिला दोष देऊ नका कुणी.

ऑस्ट्रेलियात तर कायरोप्रॅक्टरांच्या स्वतःच्याच सरकारी बोर्डानं २०१६ला सांगून टाकलं की न जन्मलेल्या बाळावर उपचार करायचं शिक्षण तुम्हाला नाही, बाळ सरळ करायचा उपाय म्हणून हे देऊ नका.

मग कंबरेचं काय? ते मात्र खरं आहे. पाचातल्या एका तरी गरोदर बाईला ओटीपोटाच्या सांध्यांचं दुखणं होतं आणि नुसती कंबर म्हटली तर निम्म्याहून जास्त जणींची दुखते. वजन दहा-बारा किलो वाढतं, सगळा भार पुढं, तोल सांभाळायला कंबरेत बाक वाढतो, त्यात सांध्यांचे बंध सैल पडतात, जांघेच्या मधला सांधा दोन-तीन मिलिमीटर जास्त उघडतो. व्यायामानं कंबरेचं दुखणं कमी होतं असं अभ्यासांत दिसलंय आणि हातानं केलेल्या हलक्या उपचारांचा पण काही जणींना फायदा झालाय. म्हणजे ज्या बायका म्हणतात आम्हाला बरं वाटलं, त्या खोटं बोलत नाहीत.

कोल्हापुरात आपण कुणाकडं जायचं तर त्याचा पण इतिहास आहे. पोलिओच्या साथीनंतर १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत केईएम हॉस्पिटलला फिजिओथेरपीचं शिक्षण चालू झालं आणि तिथनं हा अभ्यासक्रम देशभर गेला, आज राजारामपुरीत चार पावलांवर फिजिओ मिळतो. कायरोप्रॅक्टिकला असा पाया आपल्याकडं कधी मिळालाच नाही, त्यामुळं दारावरचा बोर्ड कुणाचाही असू शकतो, चार वर्षं परदेशात शिकलेल्याचा आणि चार दिवसांचा कोर्स केलेल्याचा पण. हे मी अनुभवानं सांगतेय. एका ठिकाणी धाकटीला घेऊन गेले तर त्या माणसानं फाईल उघडून पण बघितली नाही, कितवा आठवडा विचारलं नाही, सरळ "उताणं झोपा" म्हणाला आणि मानेला हात घातला. मी तिला उठवून घेऊन आले. शेवटच्या महिन्यांत उताणं झोपवलं की पिशवीचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो, चक्कर येते, बाळाचा रक्तपुरवठा कमी होतो, एवढं तर टेबल लावून बसलेल्याला माहिती पाहिजे की नको? आणि मानेला झटका देताना रक्तवाहिनी फाटायचा धोका, क्वचित असला तरी असतोच. अंगावरनं रक्त किंवा पाणी जात असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढं अंधारी येत असेल किंवा कंबरेतली कळ ठराविक वेळानं येऊन जात असेल तर ती कंबर राहू दे, थेट दवाखाना गाठा.

मग मॅडमनी सांगितलेल्या फिजिओकडं गेलो. तिनं डाव्या कुशीवर झोपवलं, गुडघ्यांमध्ये उशी, पोटाखाली घडी केलेला टॉवेल, कंबरेवर तळहातानं सावकाश दाब, एकदा पण कट् असा आवाज नाही. पलंगावर वळायचं कसं ते शिकवलं, गुडघे जुळवून, खांदा आणि कंबर एकदम. घरी रोज दहा मिनिटांचे चार व्यायाम दिले.

परवा पस्तिसाव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली. बाळाचं डोकं खाली आलंय. बाळासाठी आम्ही काहीच केलं नव्हतं, आज्जीनं अंबाबाईला ओटी बोलली होती ती मात्र मंगळवारी जाऊन भरून आली. कंबर तशीच दुखतेय, जिना चढताना अजून कठडा लागतो, पण रात्री कूस बदलताना आता "आई गं" ऐकू येत नाही.