पुण्याहून रस्त्याने नेपाळला माल: कागद नेमके कुठे अडतात

भोसरी-चाकणच्या छोट्या कारखानदाराला नेपाळची ऑर्डर मिळाली की "नेपाळ काय, आपलंच. ट्रक भरू आणि पाठवू," हे ठरलेलं. पण ट्रक सीमा ओलांडतो म्हणजे ती निर्यात. पैसे रुपयांत आले तरी निर्यातच.

पॅन, जीएसटी नोंदणी, चालू खातं आणि आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) असेल तर कुणीही पाठवू शकतो. आयईसी डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर ५०० रुपयांत निघतो, त्यात अवघड काही नाही. घोळ होतो तो नंतर. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये पोर्टलवर जाऊन तपशिलाची खातरजमा करावी लागते, काहीही बदललेलं नसलं तरी. "पत्ता तोच आहे की" म्हणत सोडून दिलेला आयईसी निष्क्रिय होतो, आणि ते कळतं माल पॅक झाल्यावर.

आयजीएसटी (निर्यातीवर लागणारा जीएसटी) न भरता पाठवायचं तर एलयूटी, म्हणजे हमीपत्र हवं. त्याचा फॉर्म आरएफडी-११. ते एका आर्थिक वर्षापुरतंच चालतं. मार्चअखेरच्या धावपळीत नवं भरायचं राहतं आणि एप्रिलचं इन्व्हॉइस जुन्या एलयूटीवर निघतं. शिवाय इन्व्हॉइसच्या तारखेपासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर जायला हवा, नाहीतर १८ टक्के व्याजासकट कर भरा. हे तीन महिने ट्रक निघाल्यापासून मोजणारे बरेच भेटतात.

निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येणार तिचा एडी कोड माल जिथून बाहेर जातो त्या कस्टम्स ठाण्यावर नोंदवावा लागतो. त्याचं पत्र बँक देते. बहुतेकांची नोंद न्हावा शेवाची असते आणि माल चाललेला असतो बिहारमधल्या नेपाळ सीमेवरच्या रक्सौलला. तिथली नोंद आहे का, हे आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर आधीच बघा.

आता ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद. सगळ्यात जास्त गाड्या इथेच अडतात. जीएसटीच्या नियम १३८(१४) मध्ये नेपाळ-भूतानच्या ट्रान्झिट कार्गोला (भारतातून नुसत्या पुढे जाणाऱ्या मालाला) सूट आहे, आणि तेवढी एक ओळ दाखवून ट्रान्सपोर्टवाला "बिल नको" म्हणून मोकळा होतो. ती सूट तिसऱ्या देशाच्या मालासाठी आहे. नेपाळला समुद्र नाही, त्यामुळे त्याचा परदेशी माल कोलकाता, हल्दिया किंवा विशाखापट्टणमला उतरतो आणि भारत-नेपाळ पारगमन कराराखाली रक्सौलपलीकडच्या बिरगंजकडे जातो. भोसरीत बनलेल्या व्हॉल्व्हच्या पेट्यांचा त्या सुटीशी काही संबंध नाही. त्यांना ई-वे बिल लागतंच.

ते भरताना "बिल टू" मध्ये यूआरपी (जीएसटी नोंदणी नसलेला खरेदीदार) आणि "अदर कंट्रीज". "शिप टू" मध्ये मात्र काठमांडू नाही, राज्य बिहार आणि रक्सौलचा पिनकोड. मुदत २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने मिळते, म्हणजे पुणे-रक्सौलला नऊएक दिवस. ते पुरतात, पण सीमेवर रांग लागली की तिथेच संपतात. वाढवून घेता येते, पण संपण्याआधी आठ तास ते संपल्यानंतर आठ तास एवढ्यातच. ड्रायव्हर रात्री दोनला फोन करणार नाही, तुम्हीच लक्ष ठेवा. वाटेत गाडी बदलली तर ई-वे बिलाचा पार्ट-बी, म्हणजे गाडीचा तपशील बदला.

"तोच ट्रक थेट काठमांडूला जाईल" यावर विसंबू नका. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांचा मोटार वाहन करार १५ जून २०१५ ला थिंफूत झाला खरा, पण भूतानने त्याला मंजुरी दिली नाही आणि तो रखडला. माल सीमेवर दुसऱ्या गाडीत चढवायचा का, त्याचं भाडं कुणाचं, हे ऑर्डर घेतानाच लिहून घ्या. खरेदीदाराचा एक्झिम कोड (नेपाळचा आयात-निर्यात कोड) आणि त्याच्या फर्मचं नाव नेपाळी कागदावर आहे तसंच इन्व्हॉइसवर टाका. तिकडच्या भन्सार (कस्टम्स) कार्यालयात एका अक्षराच्या फरकावरूनही वाद होतो, आणि तोवर ट्रक उभा.

कांदा-द्राक्षं असतील तर फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचा दाखला लागतो. खरेदीदाराने नेपाळचा आयात परवाना आधी काढलाय ना, तेही विचारा.

आयजीएसटी भरून पाठवलं असेल तर परतावा आपोआप यायला हवा. आला नाही तर आइसगेटवर एरर कोड बघा. एसबी००५ असेल तर जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) आणि शिपिंग बिल (कस्टम्सकडे भरलेला निर्यातीचा कागद) यांतला इन्व्हॉइस नंबर जुळत नाही, म्हणजे दुरुस्ती तुमच्याकडे. एसबी००२ म्हणजे ईजीएम, माल देशाबाहेर गेल्याची कस्टम्सकडची नोंद, दाखल झालेलं नाही. त्यासाठी सीमेवरच्या कस्टम्सला लेखी कळवा आणि पोच घ्या. नुसत्या फोनवर तिथे कुणी हलत नाही.