असॅनचं मौन वेगळं, व्हॅलग्रिंडचं वेगळं

"असॅन लावून चालवलं, काही आलं नाही, म्हणजे मेमरीचा घोळ नाही." लिबमेश या सिम्युलेशनसाठीच्या सी++ लायब्ररीवर कोड लिहिणाऱ्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तर लिहितोच.

असॅन, म्हणजे अ‍ॅड्रेस सॅनिटायझर, हे मेमरीच्या चुका पकडणारं साधन तुम्ही वापरताच. तो कंपाइल करतानाच तपासण्या पेरतो आणि प्रोग्राम साधारण दुप्पट वेळ घेतो. व्हॅलग्रिंड हे त्याच कामाचं दुसरं साधन; त्याला नवं बिल्ड लागत नाही, पण तो कितीतरी पट हळू चालतो. छोटी मेश (आकाराचे तुकडे करून केलेलं जाळं) घ्या, वेगाचा प्रश्न मिटला.

गफलत होते ती पुढे. असॅन एवढंच बघतो की हा पत्ता वापरायची परवानगी आहे का. त्या पत्त्यावर आधी काही लिहिलं होतं का, हे तो बघत नाही. समजा, नोडच्या (मेशमधल्या बिंदूंच्या) को-ऑर्डिनेट्ससाठी न्यू वापरून डबलचा अ‍ॅरे घेतला आणि बाउंड्रीवरच्या नोड्सचा झेड भरायचा राहिला. पत्ता वैध, त्यामुळे असॅन गप्प. उत्तर मात्र आज बरोबर, उद्या नॅन, म्हणजे 'संख्याच नाही'.

हे व्हॅलग्रिंडचा मेमरी तपासणारा भाग, मेमचेक, पकडतो, पण लगेच नाही. न भरलेली किंमत कॉपी केली, बेरजेत घेतली, तरी तो बोलत नाही. त्या किमतीवर एखादा इफ अवलंबून असला, ती पत्ता म्हणून वापरली किंवा सिस्टीम कॉलला दिली, की मगच तक्रार येते. म्हणजे चूक तुमच्या मेश वाचणाऱ्या फंक्शनमध्ये आणि तक्रार समीकरणं सोडवणाऱ्या पेट्सी लायब्ररीच्या कन्व्हर्जन्स तपासणीत (उत्तर स्थिरावलं का हे बघणाऱ्या)! लोक तेवढी ओळ बघून "लायब्ररीतच बग आहे" म्हणून मोकळे होतात. याचा मला मनापासून राग येतो. व्हॅलग्रिंडचा ट्रॅक-ओरिजिन्स पर्याय चालू करा; ती मेमरी मुळात कुठे घेतली होती ते दिसेल.

उलट बाजूही आहे. फंक्शनमध्ये डबल एक्स[८] असा स्थानिक अ‍ॅरे आहे, आठ नोड्सच्या हेक्स८ एलिमेंटसाठी (मेशच्या एका तुकड्यासाठी) पुरेसा. कोणीतरी मेश सेकंड ऑर्डरची (दर एलिमेंटला जास्त नोड्सची) केली, वीस नोड्सचे हेक्स२० आले, आणि लूप वीस नोड्सवर फिरला. हा स्टॅकवरचा अ‍ॅरे असल्याने मेमचेकला बहुधा काहीच दिसत नाही. असॅन नेमकी ओळ आणि एक्स हे नावसुद्धा सांगतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला: आधी डीबग बिल्ड, मग असॅन, मग असॅन काढून केलेल्या साध्या बिल्डवर व्हॅलग्रिंड. दोन्ही एकत्र चालत नाहीत. एमपीआय (अनेक प्रोसेस एकत्र चालवायची पद्धत) असेल तर ओपन एमपीआयसोबत येणारी सप्रेशन फाइल (दुर्लक्ष करायच्या तक्रारींची यादी) द्यायला विसरू नका, नाहीतर खऱ्या तक्रारी गोंगाटात हरवतात.