लहान मुलांचं आतड्याचं ट्रान्सप्लांट: रेफरल, पात्रता आणि कागदपत्रं

यात पालकांनी स्वतः भरायचा असा फॉर्म सहसा नसतोच, मुलाचे पोटाचे डॉक्टर ट्रान्सप्लांट सेंटरला रेफरल लेटर पाठवतात आणि तिथून पुढचं सुरू होतं. रेफर केलं म्हणजे ऑपरेशन ठरलं असं अजिबात नाही हां, काही मुलांचं तोंडाने खाणं हळूहळू वाढवून किंवा उरलेलं आतडं लांब करायचं ऑपरेशन करून भागतं. म्हणून लेटर लवकर जाऊ द्या, लिव्हर पार गेल्यावर पाठवलं तर आतड्यासोबत लिव्हरही बदलायची वेळ येते.

आता पात्रता. आतडं छोटं आहे आणि टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं पूर्ण पोषण) चालू आहे एवढ्यावर वेटिंग लिस्टवर नाव लागत नाही, टीपीएन नीट सोसत असेल तर तेच जास्त सुरक्षित धरतात. पण टीपीएनवर असताना लिव्हर बिघडत चाललंय, मान आणि खांद्याजवळच्या 4 मोठ्या शिरांपैकी 3 गुठळ्या होऊन बंद पडल्यात, किंवा लाईनच्या (टीपीएनसाठी मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) इन्फेक्शनने मूल 2 वेळा आयसीयूत व्हेंटिलेटरवर गेलंय, असं काही असेल तर विचार होतो. अंगात इन्फेक्शन चालू असेल तर आधी ते बरं करतात.

कागदपत्रांत सगळ्यात महत्त्वाची जुन्या ऑपरेशनची नोट, डिस्चार्ज कार्ड नाही! किती सेंटीमीटर आतडं उरलंय, छोट्या-मोठ्या आतड्यामधली झडप आहे का, मोठं आतडं किती आहे हे त्यातच असतं, नसेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून कॉपी मागून घ्या. बाकी टीपीएनचा फॉर्म्युला, कुठली लाईन कधी कुठे घातली, कल्चर रिपोर्ट (इन्फेक्शनमध्ये कुठला जंतू सापडला ते), लिव्हरचे जुने-नवे रिपोर्ट, वजन-उंचीचा चार्ट, जन्मदाखला, पालकांचं ओळखपत्र, विमा असेल तर त्याचे कागद. लसीकरण कार्ड विसरू नका, गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत लसी ट्रान्सप्लांटनंतर सहसा देत नाहीत त्यामुळे जमत असेल तर त्या आधीच उरकतात.

मग सेंटरमध्ये तपासण्या होतात, रक्तगट, एचएलए (डोनरशी किती जुळतं ते बघायची रक्ततपासणी), सीएमव्ही-ईबीव्ही या विषाणूंची तपासणी, इको (हृदयाची सोनोग्राफी), शिरांचं स्कॅन, शिवाय पालकांशी सविस्तर बोलणं आणि संमतीच्या सह्या. त्यानंतर टीमची मीटिंग होऊन नाव वेटिंग लिस्टवर जातं. आतडं कापल्यामुळे पोटात जागा आक्रसलेली असते म्हणून डोनर बहुतेक वेळा मुलापेक्षा लहान चणीचा लागतो, त्यामुळे अगदी छोट्या बाळांना जास्त थांबावं लागू शकतं. काढलेलं आतडं काही तासच टिकतं, तेव्हा फोन रात्रीही चालू ठेवा. मधे ताप आला तर कोऑर्डिनेटरला लगेच सांगा, नाव कापत नाहीत, तेवढ्यापुरतं होल्डवर ठेवतात.